थ्री किंगडम्स 14 : माझ्या हातातली लढाई काढून घेतली राव!

गोटीराम

मंडळी, धागा रडगाण्याचा आहे, आधीच सांगून ठेवतो.

'रोमान्स ऑफ द थ्री किंगडम्स' मालिकेतला अकरावा गेम (2006) मी कॉलेजात असताना धरला, तो आजतागायत सुटलेला नाही. गेल्या महिन्यात सेलमध्ये चौदावा (2020) घेतला. तीस-पस्तीस तास घातले आणि डोकं फिरलंय.

मालिका माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी. चीनमधलं हान साम्राज्य दुसऱ्या शतकाच्या अखेरीस मोडकळीला आलं, त्यातून त्साओ त्साओ, लिउ बेई आणि सुन घराणं अशी तीन राज्यं उभी राहिली. आपण त्यातला एखादा पुंड पकडायचा आणि सगळा चीन एका छत्राखाली आणायचा. बनवणारी कंपनी मात्र जपानी, कोएई. पहिला गेम 1985 चा.

आता मुद्दा. अकराव्यात अख्खा चीन म्हणजे एकच नकाशा, षटकोनी घरांचा. शहरं, खिंडी, नद्या सगळं त्यावरच. लढाईसाठी वेगळं मैदान उघडत नाही. एक टर्न दहा दिवसांचा. माझी पाळी आली की एकेक तुकडी मी हलवणार, कुणावर काय डाव टाकायचा ते मी ठरवणार. भालेवाले घोडदळाला भारी, घोडदळ आकडीवाल्यांना भारी, आकडीवाले भालेवाल्यांना भारी. (आकडी म्हणजे ते चिनी 'जी', भाल्याच्या टोकाला आडवं पातं असतं ते.) पण हे झालं बालवाडीचं. खरी मजा ढकलाढकलीत आहे. भालेवाले शत्रूला एक घर मागे रेटतात, मोठा डाव लागला तर दोन घरं. आकडीवाले बरोबर उलट, मागे सरत शत्रूला आपल्याकडे ओढतात.

परवाचीच लढाई सांगतो. हूलाओ खिंडीशी माझ्या चार तुकड्या, समोर सात. खिंडीच्या तोंडाशी एका रिकाम्या घराला आदल्या पाळीतच आग लावून ठेवली होती. पहिल्या भालेवाल्यांनी घोडदळाची एक तुकडी रेटली, ती थेट त्या जळत्या घरात. होरपळली. दुसऱ्या भालेवाल्यांनी शेजारच्या तुकडीचं डोकं चक्रावून टाकलं, म्हणजे पुढच्या पाळीला ती नुसतीच उभी. मग रांगेत मधोमध उभा असलेला त्यांचा सेनापती आकडीने ओढून माझ्या बाजूला घेतला. रांगेतून दात उपटावा तसा! आता त्याच्या तीन बाजूंना मी. तिरंदाजांनी शेवट केला. एका टर्नमध्ये चार चाली, आणि प्रत्येक चाल माझी होती.

चौदाव्यात काय करायचं? तुकडीला सांगायचं अमुक ठिकाणी जा, व्यूह निवडायचा, बटण दाबायचं आणि दहा दिवस हाताची घडी घालून बघायचं. दोन्ही बाजू एकदम हलतात. डाव आपोआप पडतात. द्वंद्वयुद्धसुद्धा आपोआप, आपण फक्त प्रेक्षक. लग्नात आलेल्या पाहुण्यासारखं वाटतं, जेवा आणि निघा.

त्यात काल कहर झाला. हानझोंगहून तीन दणदणीत तुकड्या उत्तरेला चांगआनवर सोडल्या. सगळे नावाजलेले सरदार. शहर पडायच्या बेतात होतं. तेवढ्यात कुणीतरी फडतूस, ज्याचं नावही वाचलं नाही मी, दोन-तीन हजार माणसं घेऊन माझ्या मागून डोंगरातून गेला आणि माझ्या तिन्ही तुकड्या ओल्या पापडासारख्या झाल्या. लढलाही नाही तो! नुसता मागून चालत गेला!

हा गेम वाईट आहे की मी?

चहाबाज

पहिला :)

मी फक्त नववा खेळलोय. त्यातही हुकूम सोडून दहा दिवस बघत बसायचं असंच होतं. म्हणजे चौदावा अकराव्याचा नव्हे, नवव्याचा धाकटा भाऊ आहे. तुमचं भांडण चुकीच्या घरात चाललंय.

पेठेतली माऊ

गोटीराम, शंभर टक्के अनुमोदन. रांगेतून दात उपटल्यासारखं, हा हा!

अकराव्याची आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. एका तुकडीत तीन सरदार घालता येतात, एक मुख्य आणि दोन जोडीला, आणि तिघांच्याही खास विद्या त्या तुकडीला लागू होतात. प्रत्येकाची एकच विद्या, पण कुणाला कोणती दिलीय ते बघा. झोउ यू हा रेड क्लिफ्सच्या लढाईत (इ.स. 208) त्साओ त्साओचं आरमार जाळणारा, त्याला अग्निदेवाची विद्या. त्याची आग दुप्पट भाजते आणि त्याला स्वतःला आगीचं काही होत नाही. पांग थोंगला साखळी. ज्या जुन्या चिनी कादंबरीवरून मालिकेचं नाव आलंय तिच्यात हाच त्साओ त्साओला जहाजं साखळीने एकमेकांना बांधायला लावतो ना, म्हणून गेममध्ये त्याचा डाव लागला की शेजारच्या शत्रूलाही लागतो. ज्याने कादंबरी वाचली आहे त्याला हे बघून गुदगुल्या होतात. आकड्यांचा खेळ नाही राहत तो, माणसं ओळखीची वाटायला लागतात.

आणि तिघांचं द्वंद्व! हूलाओला एकीकडे एकटा लू बू, कादंबरीतला सगळ्यात बलाढ्य लढवय्या, दुसरीकडे लिउ बेई आणि त्याचे मानलेले भाऊ गुआन यू, झांग फे एकाच तुकडीत. दमला की मागे घ्यायचा, दुसरा पुढे करायचा. मी हे किमान वीस वेळा मुद्दाम जुळवून आणलं असेल. अर्धे वेळा लू बूच जिंकतो मेला.

सोळाआणे

गोटीराम, रागावू नका, पण तुमची फजिती हाच चौदाव्याचा सगळ्यात सुंदर भाग आहे. जरा ऐसपैस लिहितो.

तुम्ही नकाशावर रंग बघितलाय का नीट? चौदाव्यात 46 शहरं आहेत, पण त्यांच्या भोवतालची जमीन 340 परगण्यांत वाटलेली आहे. तुकडी चालत जाते तसतशी तिच्या पायाखालची घरं आपल्या रंगाची होत जातात. ही सजावट नाही. तुमच्या तुकडीपासून तुमच्या तळापर्यंत आपल्या रंगाची सलग वाट असेल तोवर रसद चालू. कुणी आडवा जाऊन ती वाट रंगाने तोडली की रसद तुटली. मग समोर गुआन यू असो की आणखी कुणी, तुकडी कोलमडायला लागते.

तुम्ही हानझोंग ते चांगआन चालत गेलात. मध्ये छिनलिंगचे डोंगर. त्या डोंगरात तुमच्या रंगाची रेघ किती रुंद होती? एका दोऱ्याएवढी. तीन तुकड्या एकामागे एक त्याच वाटेने गेल्या, म्हणजे तिघांचा जीव एकाच दोऱ्याला. तो 'फडतूस' आला आणि त्याने दोरा कापला. लढायची गरजच नव्हती त्याला.

आणि हे काही गेमवाल्यांनी हवेत रचलेलं नाही. लिउ बेईच्या राज्याचा प्रधान चुगे लिआंग याच हानझोंगहून याच डोंगरांतून वेई राज्यावर, म्हणजे त्साओ घराण्याच्या राज्यावर, पुन्हा पुन्हा चालून गेला, 228 ते 234. इसवी सन 228 च्या हिवाळ्यात त्याने चेनत्सांगला वेढा घातला. आत वेईचा सरदार हाओ झाओ, जेमतेम हजारभर माणसं. शिड्या लावून झाल्या, भुयार खणून झालं, वीसेक दिवस गेले आणि बाहेरच्यांचं धान्य संपलं. परत फिरला. 231 ला पुन्हा गेला, 'लाकडी बैल' म्हणून धान्य वाहायची युक्ती काढून गेला, आणि पुन्हा धान्य संपलं म्हणूनच परत फिरला. शेवटच्या खेपेला 234 ला वूझांगच्या पठारावर त्याने सैनिकांना शेतीच करायला लावली, तिथंच तो वारला. गेममध्ये बुद्धी 100 असलेला माणूस! त्याला जे जमलं नाही ते तुम्हाला पस्तीस तासांत जमावं ही अपेक्षा जरा जास्त नाही का?

अकराव्यातही तुकडीला धान्य लागतं, कबूल. पण निघताना पोती बांधून दिली की झालं, मागचा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे याला तिथे काडीची किंमत नाही. म्हणून तिथे सगळी हुशारी आघाडीच्या चार घरांत मावते. तुमची हूलाओची लढाई बघा की, झकास आहे, पण ती कॅरमची लढाई आहे. सोंगटी कुठे ढकलायची, कुठे ओढायची. चौदाव्यात लढाई सुरू होते तेव्हा ती बहुतेक संपलेली असते. कुठून जायचं, पिछाडीला कोण ठेवायचं, ते हुकूम देतानाच ठरतं.

गोटीराम

सोळाआणे काका, कॅरम म्हणालात ते लागलं :(

पण मग मला सांगा, दहा दिवस काहीच करता येत नाही हे कुठलं युद्ध? डोळ्यांसमोर तो माणूस माझ्या पिछाडीला चाललाय, मला दिसतोय, आणि मी माझ्याच सेनापतीला 'अरे मागे बघ' म्हणू शकत नाही!

निवांत

@गोटीराम, खऱ्या सेनापतींनाही म्हणता येत नव्हतं. घोडेस्वार चिठ्ठी घेऊन पोचेपर्यंत दहा दिवस जायचेच.

यावरून चुगे लिआंगचा सरदार वेई यान याची गोष्ट आठवली. पहिल्या मोहिमेच्या वेळी तो चुगे लिआंगला म्हणाला, मला 5000 निवडक लढवय्ये द्या आणि 5000 धान्य वाहणारे द्या, मी झीवू दरीतून दहा दिवसांत चांगआनला पोचतो. दहा दिवस, म्हणजे गेममधला बरोबर एक टर्न! लढणारा एक की वाहणारा एक, हे प्रमाण बघा. चुगे लिआंगने नाही म्हटलं, फार धोक्याचं आहे म्हणून. त्यावर लोक अजून भांडतात. आमच्या ग्रुपवर या विषयावरून दोन जणांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, खरंच सांगतोय.

चौदाव्यात मी वेई यान बनून हेच करून बघितलं, लांबलचक सर्पव्यूह लावून. चालायला तो झपाझप, लढायला अगदी लेचापेचा. पोचलो. पोचल्यावर काय करायचं ते ठरवलं नव्हतं.

बखरकार

रसद, पिछाडी, मागून वाट अडवणं... कुणीच बोलत नाही म्हणून मीच बोलतो. कुंजपुरा घेऊन भाऊसाहेब खुशीत, आणि इकडे अब्दाली बागपतपाशी यमुना उतरून दिल्ली आणि आपल्यामध्ये येऊन बसला. डिसेंबरात रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले पडले. 14 जानेवारी 1761 ला जे झालं ते उपाशी फौजेचं झालं.

चहाबाज

बखरकार, तुमची वाटच बघत होतो. केकची पाककृती असलेल्या धाग्यावरही पानिपत आणाल तुम्ही.

बखरकार

केकला मैदा लागतो. मैदा म्हणजे रसद. :)

पेठेतली माऊ

सोळाआणे, तुमचं रसदेचं सगळं मान्य, वाचून मजाही आली. पण एक गोष्ट तुम्ही सोयीस्कर टाळलीत. चौदाव्यात सरदारांचे डाव आपोआप पडतात, तेव्हा लिउ बेईचा सरदार झाओ युन घ्या, माझा झाओ युन आणि तुमचा झाओ युन यात फरक काय राहिला? मैत्री असलेले सरदार शेजारी असले की जोडीने डाव टाकतात, ठीक आहे, ते दिसतंही छान. पण कधी टाकतील ते त्यांच्या मर्जीवर. अकराव्यात झाओ युनवर चकवा चालत नाही हे मला माहीत असतं, म्हणून शत्रूचा सगळ्यात कावेबाज माणूस जिथे असेल तिथे मी त्याला पुढे करते. तो निर्णय माझा असतो. हरले तर शिव्या स्वतःला घालते, गेमला नाही.

आणि उत्तरार्धाबद्दल प्रामाणिकपणे बोलायचं तर अकरावा कंटाळवाणा होतो, हे मी इथे पहिल्यांदाच कबूल करतेय. पंधरा शहरं झाली की प्रत्येक टर्नला वीस-वीस तुकड्या हाताने हलवायच्या. शिवाय संगणक मूर्ख आहे. एकामागून एक तुकड्या पाठवत राहतो आणि त्या एकाच सापळ्यात पडत राहतात. मी एकदा खिंडीत आगीचे गोळे मांडून ठेवले होते, पेटवले की सरळ रेषेत गडगडत जातात ते. बाजूला रणवाद्यांचा मंच बांधला, त्याने दर टर्नला तुकड्यांचा जोम भरून येतो. तीन वर्षं (गेममधली) त्सावत्साव तिथेच येऊन जळत राहिला. तिसऱ्या वर्षी मलाच त्याची दया आली.

निवांत

माऊताई, त्सावत्साव नाही, त्साओ त्साओ.

पेठेतली माऊ

तुम्ही चिनी बोलता का? नाही ना? मग जळू द्या की.

सोळाआणे

माऊताई, मुद्दा पकडलात. आपोआप पडणाऱ्या डावांचं समर्थन मी करणार नाही. द्वंद्वयुद्ध नुसतं बघायला लावणं हा तर सरळसरळ अपराध आहे. लू बूची ताकद 100 ठेवायची आणि त्याला आमच्या हातात द्यायचंच नाही!

पण तीन वर्षं एकाच खिंडीत जळणारा त्साओ त्साओ, हेच तर माझं दुखणं आहे. खरा त्साओ त्साओ इ.स. 200 मध्ये ग्वानदूला उत्तरेकडचा प्रतिस्पर्धी युआन शाओ याच्या कितीतरी मोठ्या फौजेपुढे महिनोन् महिने अडकला होता. स्वतःचं धान्य संपत आलेलं. तेवढ्यात युआन शाओचा सल्लागार शू यौ फुटून आला आणि त्याने सांगितलं, यांचं सगळं धान्य वूचाओला आहे, पहारा ढिला आहे. त्साओ त्साओ स्वतः 5000 माणसं घेऊन रात्रीचा निघाला. हातात शत्रूचीच निशाणं, प्रत्येकाकडे लाकडाची मोळी. वाटेत कुणी हटकलं तर आम्ही युआन साहेबांचेच, बंदोबस्ताला चाललोय. पोचले, पेटवून दिलं. युआन शाओच्या फौजेचा धीर तिथेच सुटला.

म्हणून मी चौदाव्याच्या बाजूने आहे. ग्वानदूची ही लढाई अकराव्याच्या नियमांत होऊच शकत नाही. तिथे फार तर खिंडीत गोळे गडगडतील.

गोटीराम, एक काम करा. चांगआनचा नाद सोडा आणि 200 सालचा डाव त्साओ त्साओच्या बाजूने लावा. मुख्य फौज पिवळ्या नदीच्या दक्षिणेला नुसती उभी ठेवा, चिवट सरदार निवडून. जिंकायला सांगू नका, टिकायला सांगा. मग एक हलकी तुकडी बाजूने काढून शत्रूच्या पिछाडीला आडवी न्या. बाकी बघत बसा.

नवखी_पण_हौशी

सगळं वाचलं, अर्धं कळलं, वाखुसा (वाचनखूण साठवली). मी एकही भाग खेळलेली नाही. कुठून सुरू करू? लढाई माझ्या हातात हवी, पण वीस तुकड्या हलवायची ताकद नाही, घरी दोन मुलं आहेत.

निवांत

@नवखी, आठव्याचा रिमेक बघा, ऑक्टोबर 2024 ला आलाय. मूळ गेम 2001 चा. त्यात राजाच व्हायला हवं असं नाही, कुणीही साधा सरदार होऊन खेळता येतं आणि लढाई टर्नाटर्नाचीच आहे. मैत्री, लग्न, भांडणं सगळं आहे. बारावा आणि तेरावा तूर्त सोडा, त्यांच्या लढाया टर्नवर चालत नाहीत, घड्याळ धावत असतं. मुलं झोपल्यावर खेळायला ते चांगले नाहीत.

गोटीराम

आलो परत. सोळाआणे काकांनी सांगितलं तसं केलं. शनिवारी रात्री बसलो, उठलो तेव्हा दूधवाला आला होता.

200 साल, त्साओ त्साओ. मुख्य फौज नदीकाठी उभी केली, पुढे दोन छावण्या बांधल्या. युआन शाओ आला, अक्षरशः मुंग्यांसारखा. पहिले तीन टर्न नुसता मार खाल्ला, हात शिवशिवत होते. चौथ्या टर्नला माझा सरदार झांग लिआओ याला हलकी फौज देऊन पूर्वेकडून फिरवून पाठवला. त्या दहा दिवसांत मी खुर्चीवरून उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. त्याचा रंग हळूहळू वर सरकतोय, युआन शाओच्या रंगाची पट्टी अरुंद होत चाललीये... आणि तुटली! समोरच्या चार तुकड्यांची ताकद एकदम उतरायला लागली. मी ओरडलो. आई आतून विचारायला आली काय झालं.

तर काका, मान्य. ओढून सेनापती बाहेर काढल्यावर जे वाटतं, तसंच वाटलं. जरा उशिरा वाटलं, पण जास्त वेळ टिकलं.

पण आकडीची आठवण येतेच. माऊताई म्हणतात ते बरोबर आहे, झांग लिआओच्या जागी दुसरा कुणीही असता तरी रंग तसाच सरकला असता.

आता पुढचं ऐका. जोशात येऊन झांग लिआओला तसाच पुढे युआन शाओच्या 'ये' नावाच्या शहरावर सोडला, म्हटलं आता कोण अडवतंय. एकटाच. वाटेत एका टेकाडावर मुक्काम पडला. टर्न संपता संपता बघतो तर मागून युआन शाओची एक बारकी तुकडी आडवी गेलेली. रसद खलास.

सोळाआणे

टेकाडावर?

गोटीराम

टेकाडावर.

निवांत

इ.स. 228, जिएतिंग. चुगे लिआंगचा सरदार मा सू असाच वाट सोडून टेकडीवर जाऊन बसला होता. हाताखालचा वांग पिंग सांगत होता नको म्हणून. वेईचा झांग ह आला आणि त्याने खालून पाणी तोडलं.

पेठेतली माऊ

गोटीराम, सेव्ह केलं होतंस ना?

गोटीराम

तीन टर्न आधीचं आहे. उघडतोय.